काउंटरच्या आतून : रोनाल्डो नेमका कुठल्या पाकिटात?

छंदांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात म्हापशात स्टेशनरी आणि खेळण्यांचं दुकान चालवणाऱ्या आमच्या सदरकर्त्या ताई.

प्रश्न : नमस्कार ताई. मी डिचोलीची. मुलगा सातवीत आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये रोनाल्डोचा सौदीतला संघ अल नस्र फातोर्ड्याला खेळायला आला तेव्हा ह्यांनी हौसेने तिकिटं काढली होती, आणि रोनाल्डो आलाच नाही. तेव्हापासून पोराने एकच धोशा लावलाय, रोनाल्डोचं कार्ड पाहिजे. चवथीचे आणि दिवाळीचे मिळून त्याच्याकडे तीन हजार रुपये साठलेत. म्हापशाच्या एका दुकानात खेळाडूंच्या कार्डांचं बंद पाकीट (आत कोण ते फोडल्यावरच कळतं) छापील किमतीला मिळतं, ऑनलाइन तेच तीस टक्के कमी. त्यात त्याने मोबाइलवर एक 'मिस्ट्री बॉक्स' बघून ठेवलाय. १,९९९ रुपये, आणि वर लिहिलंय 'एक सही नक्की', म्हणजे खेळाडूची सही असलेलं एक कार्ड. हे म्हणतात ऑनलाइन घेऊन टाक. माझं मन होत नाही. काय करू?
एक आई, डिचोली

उत्तर : ताई, आधीच सांगून ठेवते, मी दुकानवाली आहे. बाबांनी सुरू केलेलं वह्या-पुस्तकांचं दुकान आता मी बघते. पुढे कंपास आणि रंगपेट्या, आत बॅडमिंटनची फुलं, आणि गल्ल्याशेजारच्या फळीवर कार्डांची खोकी. आपल्याकडे हॉबी शॉप म्हणतात ते बहुतेक एवढंच असतं. तेव्हा मी दुकानाची बाजू घेतेय असं वाटलं तर तेवढं वजा करून वाचा.

त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगते. दिवाळीचा आठवडा होता, दुकानात आकाशकंदील लटकत होते. शाळा नसल्यामुळे सहा-सात पोरं सकाळीच हजर. एफसी गोवा २-१ ने हरला होता, पण आपल्या ब्रायसन फर्नांडिसने सौदीच्या त्या महागड्या संघाला गोल मारला होता. पोरांच्या तोंडी मात्र जो आलाच नाही त्याचंच नाव. त्यातल्या एकाने पाकीट उचललं, उजेडात धरलं, कानाशी हलवलं आणि मला विचारलं, "आंटी, हातूंत रोनाल्डो आसा?"

म्हटलं, "देवाक खबर."

पाकिटाबद्दल यापेक्षा खरं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही आणि आजही देता येत नाही. म्हणून तुम्ही मुलाला पहिला प्रश्न हा विचारा : तुला रोनाल्डो पाहिजे की पाकीट फोडायचंय? दोन्ही इच्छा चांगल्या आहेत, पण दोन्हींचा बाजार वेगळा आणि हिशेबही वेगळा.

हिशेब मला आमच्या गिऱ्हाइकांतल्या एका गणिताच्या सरांनी घालून दिला, बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर. तो कागद मी अजून गल्ल्यात ठेवलाय. पाणिनी नावाची इटालियन कंपनी खेळाडूंचे स्टिकर आणि ते चिकटवायचे अल्बम काढते, तिच्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अल्बममध्ये ६७० स्टिकर होते. एका पाकिटात पाच स्टिकर धरले, कुणाशीच अदलाबदल केली नाही, तर अर्धा अल्बम साधारण ९३ पाकिटांत भरतो. पोरांना वाटतं की उरलेला अर्धाही तेवढ्याच पाकिटांत भरेल. पूर्ण अल्बमला सरासरी ९५० पाकिटं लागतात! शेवटच्या एका रिकाम्या चौकोनासाठीच सरासरी १३४. पाकीट वीस रुपयांचं धरलं तर झाले एकोणीस हजार, आणि घरात चार हजार डुप्लिकेट. सरांनी हे सांगितलं तेव्हा दुकानात मुलं होती म्हणून मी त्यांना डोळ्याने खुणावत होते, सर, हळू बोला.

'२४ पाकिटांत १' असं जे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं, त्याचंही तेच. चोवीस पाकिटं घेतली की ते चमकदार कार्ड मिळालंच असं पोरं समजतात. तो सरासरीचा आकडा आहे. इकडून तिकडून सुटी चोवीस पाकिटं घेतलीत तर शंभरातल्या छत्तीस वेळा हात रिकामाच राहतो. हेही सरांचंच गणित.

आता मिस्ट्री बॉक्स. ताई, याबद्दल मला दोनदा विचार करावा लागत नाही. नका घेऊ. तो कार्ड छापणाऱ्या कंपनीचा नसतो. कुणीतरी खरी खोकी फोडतो, त्यातला माल निवडून बाजूला काढतो आणि उरलेलं स्वतःच्या डब्यात भरून विकतो. 'एक सही नक्की' खरं असेलही, पण कुणाची? तुमच्या मुलाने जन्मात नाव ऐकलं नसेल अशा एखाद्या राखीव खेळाडूची. दोन हजार जातात, रोनाल्डो राहतो, आणि पोराला वाटतं नशीब फुटकं. नशिबाचा काही संबंध नसतो, डबा भरणाऱ्याने ते आधीच ठरवलेलं असतं.

दुकानातही सगळं देवाघरचं नसतं, तेही सांगते. जाड कार्डं, म्हणजे ज्यांत जर्सीचा तुकडा वगैरे घातलेला असतो, ती बोटांनी चाचपून कळतात. सराईत मुलगा पंधरा पाकिटं दाबून सोळावं घेतो. मागे माझ्याकडे एक जण पोकेमॉनची पाकिटं घ्यायला यायचा. दर वेळी कोपऱ्यात पाठमोरा उभा. एकदा बघितलं तर खिशातून सोनाराचा छोटा काटा काढून पाकिटं वजन करत होता, जड पाकिटात मोठं कार्ड असणार म्हणून! वडिलांचं सोन्याचं दुकान. मी त्याला हाकलला नाही, पण त्या दिवसापासून खोकं गल्ल्याच्या आत आलं आणि पाकीट मी माझ्या हाताने देते. काही दुकानदार तेवढं करत नाहीत. काही तर स्वतःच खोकं फोडून बघतात आणि पहिल्या दहा पाकिटांत मोठं कार्ड निघालं की उरलेलं फळीवर मांडतात. म्हणून अर्धं संपलेलं खोकं उघडं पडलेलं दिसलं तर त्यातलं घेऊ नका, सरळ म्हणा, नवीन खोकं फोडा. तुमच्यासमोर सील तोडायला जो दुकानदार कुरकुर करेल त्याच्याकडून घेऊच नका, तो ओळखीचा असला तरी.

तीस टक्क्यांचं कोडं एवढं अवघड नाही. पाकिटावर कुठल्या हंगामाचं आहे ते बघा. बऱ्याचदा स्वस्तातलं पाकीट गेल्या वर्षीचं असतं. त्यात वाईट काही नाही, रोनाल्डो गेल्या वर्षीही रोनाल्डोच होता, पण तेवढं माहीत असावं. दुसरं, परदेशी मालावर इथल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेलं लेबल असायलाच हवं, तो कायदा आहे. लेबल नसेल तर ते पाकीट कुठल्या वाटेने आलं ते विचारा. आणि एमआरपीपेक्षा जास्त कुणीही मागू शकत नाही, मीसुद्धा नाही. पाकीट फार चाललंय म्हणून वर पन्नास लावणारे दुकानदार मला माहीत आहेत.

मग दुकानात छापील किंमत मोजून तुम्हाला जास्तीचं काय मिळतं? माझ्या गल्ल्यावर डॅनिश बिस्किटांचा निळा डबा आहे. त्यात मुलांची डुप्लिकेट कार्डं असतात. एक टाक, एक घे. रविवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर जे चालतं ते बघायला या. थिव्याची मुलं, आसगावची मुलं, एक पर्वरीची मुलगी आहे ती तर वहीत कोष्टक करून येते, कुणाकडे काय जास्त आणि काय कमी. मोठ्यांपेक्षा चोख व्यवहार. 'एका एम्बापेला तीन डिफेंडर आणि वर एक चमकणारा' असा भाव परवा फुटला होता. सरांच्या त्या ९५० पाकिटांवर तोडगा काय तो हाच आहे. दहा जण अदलाबदल करणारे मिळाले की आकडा धाडकन खाली येतो. तुमच्या डिचोलीत दुकानदाराने डबा ठेवला नसेल तर तुम्हीच एक रिकामा डबा नेऊन द्या, त्याची विक्री वाढेल, तो नाही म्हणणार नाही.

पण ताई, एकच ठरावीक कार्ड पाहिजे असेल तर ते आमच्यासारख्या दुकानात मिळत नाही. मिळालं तर योगायोगाने. तिथे ऑनलाइनच बरं, आणि हे मी स्वतः करते. गेल्या महिन्यातच मी एका मुलासाठी पोर्तुगालच्या जर्सीतला रोनाल्डो असाच मागवला, साधं बेस कार्ड, म्हणजे ना सही ना चमक, टपालासकट दोनशे साठ रुपये. तेवढ्या पैशांत पाकिटं किती आली असती ते तुम्हीच बघा.

मात्र डोळे उघडे ठेवून. माझा एक अनुभव. नव्वदच्या दशकात फ्युटेरा नावाची ऑस्ट्रेलियन कंपनी क्रिकेटची देखणी कार्डं काढायची. त्यातला एक सचिन मला हवा होता. एका मोठ्या साइटवर सापडला, अठराशे रुपये. फोटो सुंदर. जुलैत पार्सल आलं. आधी कुरियरवाल्याला घर सापडेना, मी फोनवर 'देवळाच्या मागे, वडाकडे उजवीकडे' सांगून दमले. मग तो चिंब भिजून आला, आणि कार्ड त्याच्याहून जास्त भिजलेलं. साधं कागदी पाकीट, आत एक प्लॅस्टिक नाही. पुसून भिंगाखाली धरलं तर सचिनचं नावसुद्धा ठिपक्याठिपक्यांचं. खऱ्या छपाईत फोटोला बारीक नियमित ठिपके असतात, पण काळी अक्षरं बहुधा सलग आणि कडक असतात. अक्षरांतही ठिपके दिसले म्हणजे कुणीतरी मूळ कार्ड स्कॅन करून छापलंय. परत घ्यायला विक्रेता तयार नाही, कारण 'कार्ड ओलं केलंत'. शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, दोन महिन्यांनी पैसे आले. ते कार्ड अजून आहे माझ्याकडे. मुलांना दाखवते, नकली कसं असतं म्हणून.

तेव्हापासून माझ्या सवयी बदलल्या. विक्रेत्याकडून कार्डाचा खरा फोटो मागायचा, मागची बाजू आणि चारही कोपरे दिसतील असा, शेजारी माझं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून. ज्याच्या हातात कार्ड आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. इंटरनेटवरचा फोटो उचलून लावणारा मग दोन दिवस उत्तरच देत नाही. पैसे साइटवरूनच द्यायचे. 'ताई, थेट यूपीआय करा, शंभर कमी घेतो' म्हटलं की संपलं, तिथून पुढे तुमची दाद घेणारं कुणी नाही. आणि पार्सल फोडताना मुलाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा, सील दिसेल असं. परदेशातून मागवायच्या भानगडीत तर पडूच नका. कार्ड स्वस्त दिसतं, मग त्यावर कस्टम्स ड्युटी, जीएसटी आणि कुरियरवाल्याचा वेगळा आकार. माझ्या ओळखीच्या एका मुलाला ड्युटीच कार्डाच्या किमतीच्या जवळ गेली.

आता तीन हजारांचं. मी तुमच्या जागी असते तर पाचशेच्या आत एक चांगला रोनाल्डो ऑनलाइन घेतला असता, मुलाला स्वतः निवडू दिला असता. पाच-सहाशेची पाकिटं दुकानातून, पण एकदम नाही. शनिवारी एक, परीक्षा झाली की दोन. शंभर-दीडशेत कार्डांच्या पातळ पिशव्या आणि दोन कडक प्लॅस्टिकची पाकिटं. बाकीचे बँकेत. हे शेवटचं त्याला पटणार नाही, माझ्या मुलालाही पटलं नव्हतं.

आणि हो, ओल. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे कार्डाची काय कथा. चमकदार कार्डं तर पापडासारखी वळतात, कारण एका बाजूला फॉइल आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठा, पुठ्ठा ओल पितो आणि फॉइल पीत नाही. माझं स्वतःचं एक अख्खं खोकं माळ्यावर राहिलं होतं, चवथीला काढलं तर सगळे खेळाडू धनुष्य झालेले. अर्ध्या किमतीत काढावं लागलं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, आणि डबा जमिनीवर नाही तर वरच्या कप्प्यात. ओल चढते ती बहुधा खालून.

प्रश्न : माझ्याकडे १९८७ च्या रिलायन्स कपच्या काळातली बिग फन च्युइंगगमची क्रिकेटची कार्डं आहेत, शंभरेक. शिवाय नव्वदच्या दशकातले डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांचे ट्रम्प कार्ड. ऑनलाइन लाखाच्या गोष्टी वाचतो. दुकानात विकू की ऑनलाइन? पावसाआधी लॅमिनेट करून घेऊ का?
एक निवृत्त कर्मचारी, फोंडा

उत्तर : लॅमिनेट? नका हो नका! एकदा लॅमिनेट केलं की ते कार्ड गिऱ्हाइकाच्या लेखी मेलं.

तुमचं पत्र वाचून मी दहा मिनिटं बाबांच्या काळात गेले होते. बिग फनच्या कार्डामागे धावा नाहीतर विकेट छापलेल्या असायच्या, त्या जमवल्या की झरझर पानं उलटून बघायचं चित्रांचं पुस्तक मिळायचं. दुकान घरचं, त्यामुळे गम मी गुपचूप खायची आणि कार्डं काकांच्या मुलांना विकायची. बाबांनी पकडलं तेव्हा कान सुजला होता.

लाखाच्या गोष्टींचं म्हणाल तर त्या खऱ्या असतात, पण दुसऱ्याच्या कार्डांच्या. अमेरिकेत टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल कार्डांचा न खपलेला साठा १९६० च्या सुमाराला बोटीवर घालून अटलांटिकमध्ये बुडवला होता. जागा अडते म्हणून! त्या संचातलं मिकी मँटलचं एक उत्तम अवस्थेतलं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याच देशात लोकांनी 'आता हीही महाग होणार' म्हणून कार्डांची खोकीच्या खोकी घरात भरली आणि कंपन्यांनीही वारेमाप छापली. त्यातली बहुतेक आज कुणी फुकट घेत नाही.

तुमची बिग फनची कार्डं गमच्या पाकिटातली, बहुतेकांची चिकटवलेली नाहीतर फाटलेली. तुमची कोरी असतील तर हौशी लोक नक्की घेतील, शेकड्यांत, लाखांत नाही. माझ्यासारख्या दुकानात आणलीत तर मी पुढे विकायची म्हणून अर्धाच भाव देईन, तेव्हा ऑनलाइन स्वतः विका. दोन्ही बाजूंचे फोटो, आणि एकत्र गठ्ठ्याने. ट्रम्प कार्डांचा संच पूर्ण असेल, डब्यासकट, तरच अर्थ आहे. सुटा अंडरटेकर नातवाला द्या.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर एक जण मेस्सीचं रुकी कार्ड (म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीचं), पाणिनी मेगाक्रॅक्स २००४-०५, नंबर ७१, चार हजारांना देतोय. पीएसएच्या सीलबंद प्लॅस्टिकमध्ये आहे, ग्रेड ९. विक्रेता मडगावचाच आहे म्हणतो. घेऊ का?
कॉलेज विद्यार्थी, मडगाव

उत्तर : नको. हे कार्ड जगभरात जितकं शोधलं जातं तितकंच नकली छापलं जातं, आणि खरं असतं तर ग्रेड ९ चार हजारांत कुणी दिलं नसतं. पीएसए ही कॅलिफोर्नियाची कंपनी १९९१ पासून कार्डांना १ ते १० गुण देऊन सील करते. प्रत्येक सीलवर नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. पण नंबर सापडला म्हणून हुरळू नका, चोर खऱ्याच कार्डाचा नंबर नकली प्लॅस्टिकवर छापतात. साइटवर फोटो दिलेला असेल तर तो आणि समोरचं कार्ड जुळवून बघा : कडेची पांढरी पट्टी डावी-उजवीकडे किती, कुठल्या कोपऱ्यावर ओरखडा.

तो मडगावचाच म्हणतो ना? मग त्याला कार्ड घेऊन दिवसाउजेडी कदंबा स्टँडवर भेटायला बोलवा. यायला तयार झाला तर मला कळवा, भिंग घेऊन मीही बसने येते. फक्त शुक्रवार नको, शुक्रवारी आमच्याकडे बाजार असतो.